बहिऱ्या खोताचा शेवट

इंग्रजी नाटकांतली वादळं मी चौदा वर्षं शिकवत होते, पण समुद्र पाहिलेला नव्हता. सोलापुरात राहणाऱ्याला समुद्र लागतोच कशाला? जहाज फुटायची वेळ आली की मी फळ्यावर एक आडवी रेघ काढायचे आणि म्हणायचे, "हा समुद्र." मुलं वहीत रेघ उतरवून घ्यायची. परीक्षेत कुणाचे मार्क त्यामुळे गेले नाहीत.

तरी रत्नागिरीला मी गेले ती समुद्र पाहायला नव्हे. माझा प्रबंध अडला होता. विषय होता, इंग्रजी नाटकातलं जनांतिक, अगदी चर्चच्या दारात होणाऱ्या जुन्या खेळांपासून गेल्या शतकापर्यंत. जनांतिक म्हणजे रंगमंचावर चार माणसं असताना त्यांतल्या एकानं प्रेक्षकांकडे तोंड करून मनातलं बोलायचं आणि बाकीच्या तिघांनी ते ऐकू आलं नाही असं दाखवायचं. मी चारशे पानं लिहिली होती. ती वाचून आमचे मार्गदर्शक सर म्हणाले, "हिरेमठ, तुमच्या प्रबंधात पात्रं प्रेक्षकांशी चारशे पानं बोलतायत. प्रेक्षक एकदाही बोललेला नाही. तो तिथं होता तरी का?"

मी म्हटलं, "सर, तीनशे वर्षांपूर्वीचा प्रेक्षक मी आणू कुठून?"

"ते मार्गदर्शकाला विचारायचं नसतं," सर म्हणाले.

त्यात आणखी एक घोळ होता. माझ्या शेवटच्या प्रकरणाचा सगळा भार एका अडीचशे वर्षं जुन्या प्रहसनावर होता. कर्ता अज्ञात. वाचक जवळजवळ तितकेच अज्ञात. एक जमीनदार आपल्याबद्दल घरची माणसं काय बोलतात हे कळावं म्हणून बहिरा झाल्याचं सोंग घेतो, मग कारभारी, पुतण्या, नोकर त्याच्या तोंडावर वाट्टेल ते बोलतात, आणि तो दर वेळी प्रेक्षकांकडे वळून त्यावर शेरा मारतो. परदेशातल्या एका ग्रंथालयाकडून त्याची छायाप्रत यायला नऊ महिने लागले, आणि आली तेव्हा शेवटचं पान नव्हतं. मूळ प्रतीतच ते फाटलेलं होतं. जमीनदार सगळ्यांना गोळा करतो, पुढे येतो, प्रेक्षकांकडे तोंड करतो... आणि पान संपतं. म्हातारा शेवटी काय बोलतो, सोंग टाकतो की चालू ठेवतो, हे कळल्याशिवाय माझं प्रकरण पुरं होत नव्हतं.

अशात एका जुन्या मासिकाच्या बांधीव अंकात चार ओळी सापडल्या. रत्नागिरीकडच्या एका शाळामास्तरांनी कुणा साहेबाच्या लिलावातल्या पुस्तकांच्या पेटीतून एक इंग्रजी 'फार्स' उचलून 'बहिरे खोत' या नावानं मराठीत आणला आहे, आणि तो गावकऱ्यांना फार आवडला आहे. मी रत्नागिरीच्या एका वाचनालयाला पत्र टाकलं. उत्तराचं कार्ड आलं. "वही आहे. मालक देत नाहीत. पण नाटक अजून होते, येत्या मे महिन्यात आहे. स्वतः यावे. उन्हाळा आहे, छत्री आणावी. आपला, बापू भाटकर, ग्रंथपाल."

मी छत्री घेतली, चारशे पानं घेतली, आणि तिकडे सगळे मासेच खातात असं ऐकून शेंगाचटणीचा मोठा डबा घेतला.

मांडवी

आंबा घाटाबद्दल मी लिहिणार नाही, कारण तो मी डोळे मिटून आणि पिशवी तोंडाशी धरून पार केला.

भाटकर स्टँडवर आले होते. पन्नाशीचे, पांढरा शर्ट, आणि बोलणं असं की वाक्याचं शेवटचं अक्षर थोडं लांबवून वर न्यायचं. त्यामुळे ते साधी माहिती देत असले तरी मला वाटायचं की ते प्रश्न विचारताहेत. "प्रवास बरा झालाऽ" म्हणाले. मी म्हटलं, "नाही हो." ते गोंधळले.

माझी उतरायची सोय त्यांनी मांडवीला आपल्याच घरी केली होती. घरात सामान ठेवलं आणि ते मला धक्क्यावर घेऊन गेले. संध्याकाळचे सहा वाजले असतील. मी आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला. चौदा वर्षं शिकवलेलं काहीतरी आठवायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर मनात आलं ते असं, की एवढं पाणी, आणि आमच्याकडे नळ एक दिवसाआड.

"काय वाटलं?" भाटकरांनी विचारलं. या वेळी तो खरोखर प्रश्न होता.

"आडवा आहे," मी म्हटलं.

घरी परतलो तर त्यांच्या वहिनींनी ताट वाढून ठेवलं होतं. मी शाकाहारी असल्याचं त्यांना कळवलेलं होतं. त्यांनी मनापासून तयारी केली होती, फणसाची भाजी, कुळथाची पिठी, भात, कोकमाचं सार. सगळं उत्तम होतं, पण मी भाकरीची वाट पाहत थांबले होते आणि त्या मी भात संपवण्याची वाट पाहत थांबल्या होत्या. शेवटी मी डबा काढला. शेंगाचटणी त्यांच्या घरात पहिल्यांदाच आली असावी. भाटकरांनी चमचाभर भातावर घेतली, दोन घास खाल्ले, डोळ्यांतून पाणी काढलं आणि म्हणाले, "बाई, हे तुम्ही रोज खाताऽ" मी म्हटलं, "हो." तोही प्रश्नच होता हे नंतर कळलं, कारण पुढचा अर्धा तास त्यांच्या वहिनी माझ्याकडे काळजीनं पाहत होत्या.

वहीच्या मालकांबद्दल मात्र त्यांनी नीट सांगितलं. मालक म्हणजे कातळवाडीचे दाजी धनावडे. वय पंच्याहत्तरच्या आसपास. मास्तरांनी वही दाजींच्या आजोबांना दिली होती, खोताचं काम तेव्हापासून त्या घरातच आहे. दाजी ते चाळीस वर्षं करतात.

"माणूस कसा आहे?"

"नट म्हणून तोड नाही. पण अलीकडे जरा चमत्कारिक झालेत. बहिऱ्याचं काम करून करून आता घरातही बहिऱ्याचं सोंग घेतात. हाक मारली तर बघत नाहीत. विचारलं एक तर सांगतात दुसरंच. सगळी वाडी वैतागलीय."

मी लगेच वही काढली आणि लिहिलं, 'नट व भूमिका यांतील सीमारेषा नष्ट. फार महत्त्वाचे.'

कातळवाडी

सकाळच्या एसटीनं आम्ही निघालो. तासा-दीड तासानं गाडीनं आम्हाला सड्यावर सोडलं. सडा म्हणजे काळ्या-तांबड्या जांभ्या खडकाचं उघडं माळरान, तापलेलं. सपाट जमीन पाहून मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. पण ते पाच मिनिटंच टिकलं, कारण वाडी खाली होती. कोकणात घरं नेहमी तुम्ही उभे असता त्याच्या खाली तरी असतात नाहीतर वर तरी.

दाजींचं घर उतारावर होतं. अंगणात माणसंच माणसं. एरवी वाडीतले बहुतेक पुरुष मुंबईला असतात, पण त्या वर्षी गिरण्या बंद होत्या आणि सगळे गावी येऊन बसले होते. त्यामुळे नाटकाला पात्रं भरपूर होती, काही प्रवेशांना तर गरजेपेक्षा जास्त. दाजींचा मुलगा विश्राम, चाळिशीचा, गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम, होता. नाटकात तो नोकराचं काम करायचा, आणि यंदा खोताचं काम आपल्याकडे यावं असं त्याला वाटत होतं. हे त्यानं मला पहिल्या दहा मिनिटांत सांगितलं.

"बाबांचा आता जमत नाय, बाई. वेळंवर बोलत नायत. आपल्याच तंद्रीत. आणि घरात ह्या असा. मी इचारतंय एक, आणि ते बोलतायत भलताच. कालचीच गोष्ट. मी म्हटलां, बाबा, मुंबईस्न पत्र आलां. तर म्हणतायत, कोंबड्यांस घातलां मगाशीच."

दाजी ओटीवर बसले होते. बारीक, ताठ, पांढऱ्या भुवया. मी नमस्कार केला आणि मोठ्या आदरानं म्हटलं, "मी सोलापूरहून आले. तुमच्या वहीवर संशोधन करायचंय."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग म्हणाले, "हाय ना. इहीर मागल्या दारास. दोर बघून घ्या."

मला इतका आनंद झाला की मी मागच्या दारी जाऊन खरंच विहीर पाहून आले. मूळ इंग्रजी नाटकाच्या दुसऱ्या अंकात जमीनदार असंच उत्तर देतो. अडीचशे वर्षांपूर्वीचं पात्र ओटीवर बसून मला उत्तर देत होतं! पुढचा सगळा दिवस मी त्यांच्या मागे वही घेऊन फिरले, मुद्दाम काहीबाही विचारलं आणि ते काय म्हणाले ते लिहून घेतलं. तेवीस उत्तरं जमली. एकही जुळणारं नाही. मी त्यांचं वर्गीकरणही केलं.

दुपारी त्यांनी वही दाखवली, पण हातात दिली नाही. स्वतः पानं उलटत गेले. मास्तरांचं मोडी वळणाचं बारीक बाळबोध अक्षर, कडेला तेलाचे डाग. मी शेवटचं पान यायची वाट पाहत होते. ते आलं. खोत सगळ्यांना गोळा करतो, पुढे येतो, लोकांकडे तोंड करतो आणि म्हणतो, "मंडळी, आता तुम्हीच सांगा. मला ऐकू येतं म्हणू, की नको?"

त्याखाली कोरं.

"पुढचं पान?" मी विचारलं. बोटानं कोरी जागा दाखवली.

या वेळी दाजी लगेच म्हणाले, "पुढचा लिवलेला नाय. लोक सांगतात तसा होतो. लोक म्हणाले येता, तर येता. नको म्हणाले, तर नको. दोन शेवट हायत. दोन्ही माझ्या तोंडात."

मी तिथंच बसले. सरांचा प्रेक्षक! तो बोलत होता. नुसता बोलत नव्हता, तर नाटकाचा शेवट ठरवत होता. शंभर वर्षं, या उतारावर, आणि मी सोलापुरात बसून परदेशातून छायाप्रती मागवत होते.

बांध

दुसऱ्या दिवशी सकाळी, म्हणजे नाटकाच्या दिवशी, मी दाजींच्या बायकोबरोबर पाणंदीनं वर चालले होते. सगळे त्यांना काकी म्हणायचे, मीही म्हणू लागले. त्या डोक्यावर पाटी घेऊन झपाझप चढत होत्या. मी मागून छत्री घेऊन. वाटेत जांभ्या दगडांचा बांध ओलांडायचा होता. काकी सहज ओलांडून पलीकडे गेल्या. मी एक पाय पलीकडे टाकला आणि दुसऱ्याच्या वेळी मला सोलापूर आठवलं. दगड सुटला, मी काकींचा हात धरला, आणि आम्ही दोघी, पाटी, छत्री, दगड, सगळे मिळून खाली आलो.

मला काही झालं नाही. मी काकींवर पडले होते. त्यांचा उजवा हात मनगटाशी सुजू लागला. मी रडकुंडीला येऊन माफी मागत होते, आणि त्या मात्र हाताकडे बघून भलतंच पुटपुटत होत्या.

"आता दोरी कोण ओढणार?"

"कसली दोरी?"

त्यांनी आजूबाजूला पाहिलं. पाणंदीत कुणी नव्हतं. मग एका दगडावर बसून त्यांनी सगळं सांगितलं.

"त्यांस ऐकू येत नाय. तीन वर्सां झाली. सोंग नाय ता. खरांच."

मी काल जमवलेली तेवीस उत्तरं माझ्या डोळ्यांपुढून एकेक करून गेली.

"मग कुणाला सांगत का नाही?"

"सांगून काय? खोताचा काम काढून घेतील. चाळीस वर्सां केलानी. ता गेला की ते ओटीवर बसूनच राहतील, माला ठाव हाय. लोक म्हणतायत सोंग करतो. म्हणू देत. माणसाचा त्वांड समोर असला की थोडा थोडा कळता त्यांस. पन खेळात माणसा बोलतात लोकांकडं बघून. मंग कसा कळणार आपली पाळी कधी?"

म्हणून काकींनी युक्ती काढली होती. खोताची खुर्ची मागच्या पडद्याला लागून असते. मासे पकडायच्या गरीला लावतात ती तंगूस, म्हणजे नायलॉनची बारीक दोरी, दाजींच्या पायाच्या अंगठ्याला बांधायची. दुसरं टोक पडद्यामागे काकींच्या हातात. एक हिसका म्हणजे तुमची पाळी. आणि शेवटी ते पुढे गेले की दोरी पतंगासारखी सैल सोडत जायची. लोक 'येतं' म्हणाले तर एक हिसका, 'नको' म्हणाले तर दोन. तीन वर्षं कुणाला पत्ता लागला नव्हता.

"डाव्या हातान माला जमायचा नाय," काकी म्हणाल्या. "तुमास नाटक पाठ हाय ना?"

"इंग्रजीत," मी म्हटलं.

"मंग झालां तर."

चार वाजता

नमनाचे, म्हणजे देवळापुढच्या लोकनाट्याचे, बाकीचे खेळ रात्री होतात, पण 'बहिरे खोत' दुपारी चारला. मास्तरांनी पहिला प्रयोग शाळा सुटल्यावर केला होता, म्हणून शंभर वर्षं चारच वाजता होतो, मग कितीही ऊन असो. देवळासमोरच्या पटांगणात दोन जुने फणस आहेत. एका बुंध्यापासून दुसऱ्यापर्यंत पडदा. सावलीत बायका, उन्हात पुरुष, आणि दोन्हींच्या मध्ये भाटकर छत्री उघडून. माझी छत्री. माझ्या छत्रीची एक काडी बांधावर मोडली होती.

मी पडद्यामागे पाटावर बसले. डाव्या हाताला तंगूस दोन वेढे गुंडाळलेली, उजव्या हातात पेन्सिल, मांडीवर वही. माझ्या शेजारी काकी, हात हळदीच्या लेपात. दाजींनी पडद्याआड माझ्याकडे एकदा पाहिलं. त्यांना काकींनी सांगितलं होतं. त्यांनी अंगठा हलवून दोरी तपासली आणि मान डोलावली. चौदा वर्षांच्या नोकरीत माझी अशी तपासणी कुणी केली नव्हती.

पहिला अंक सुरळीत गेला. मी पाळी आली की ओढायचे, आणि दाजी असे बोलायचे की पडद्यामागे मलाही शहारा यायचा. पण खरी गंमत समोर होती. खोत लोकांकडे वळून म्हणायचे, "हा कारभारी मला भोळा समजतो." समोरून कुणीतरी ओरडायचं, "समजणारच! तुमी हावच भोळं!" खोत म्हणायचे, "पुतण्या म्हणतो, काका मेले की बाग विकीन." आणि एक म्हातारी उठून पुतण्याचं काम करणाऱ्याला खरोखरच शिव्या घालायची, आणि पुतण्या घाबरून दोन पावलं मागे जायचा. सरांनी मागितलेला प्रेक्षक मी भराभर लिहून घेत होते. पेन्सिल थांबतच नव्हती.

दुसऱ्या अंकात माझं लिहिण्यात लक्ष गेलं आणि ओढायचं राहिलं. कारभारी म्हणाला, "काय खोतानू, ऐकताय ना?" दाजी गप्प. कारभारी पुन्हा म्हणाला. पुन्हा गप्प. तिसऱ्यांदा तो घाम पुसत म्हणाला आणि सगळं पटांगण हसून लोळायला लागलं, कारण बहिरा माणूस बहिऱ्यासारखा वागत होता. काकींनी मला कोपर मारलं. मी दचकून ओढलं. तोवर कारभारी वैतागून पुढच्या वाक्यावर गेला होता, "आज रात्री तिजोरी फोडतो," आणि दाजी शांतपणे म्हणाले, "जेवून जा."

तोवरचा सगळ्यात मोठा हशा तो होता. थोड्या वेळानं एक मुंगी चावली आणि माझा हात आपोआप झटकला गेला. तेव्हाही तसंच झालं. बहिऱ्याच्या तोंडी वाक्य चुकीच्या वेळी आलं तर ती चूक ठरतच नाही, हे मी शिकले. चारशे पानांत ते कुठेही नव्हतं.

मग शेवट आला. दाजी उठून पुढे चालले. मी दोरी सैल सोडत गेले. त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं आणि म्हणाले, "मंडळी, आता तुम्हीच सांगा. मला ऐकू येतं म्हणू, की नको?"

"येता म्हणा!" पुरुष ओरडले.

"नको! नको!" बायका ओरडल्या. "बोलू देत घरच्यांस! आमास ऐकायचांय!"

काकी म्हणाल्या होत्या की नेहमी एकच आवाज होतो. पण त्या वर्षी सगळे पुरुष गावी होते. दोन्हीकडून सारखाच दणका. मी काकींकडे पाहिलं. त्यांनी खांदे उडवले. मी दोरी धरून बसले. एक की दोन? माझ्या सगळ्या शिक्षणाचा या प्रश्नाला काडीचा उपयोग नव्हता. मी ओढलंच नाही.

दाजी थांबले. अंगठ्याला काही कळलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं, आवाज चढवून, "मंडळी, सांगा! येतं म्हणू, की नको?" पटांगण आणखी पेटलं. मग तिसऱ्यांदा. पडद्याच्या फटीतून मला त्यांची मान दिसत होती. ते एका तोंडाकडून दुसऱ्या तोंडाकडे बघत होते. शंभर तोंडं एकदम हलत होती.

नोकराच्या वेशात विश्राम चार हातांवर उभा होता. त्याचं लक्ष खाली गेलं. अंगठ्याला दोरी. त्यानं ती नजरेनं मागे नेली, पडद्यापर्यंत, फटीपर्यंत, माझ्यापर्यंत. मग त्यानं बापाचे डोळे पाहिले. मी शपथेवर सांगते, त्या माणसाला तेव्हा कळलं. चेहऱ्यावरचा रंग उतरलेला मला उन्हातसुद्धा दिसला.

तो पुढे झाला, बापाच्या अगदी समोर, तोंडासमोर तोंड आणून उभा राहिला आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाला, "खोतानू, लोक दोन्ही सांगतायत. तुमास वाटेल ता बोला."

वहीत हे वाक्य नव्हतं.

दाजींनी त्याच्याकडे पाहिलं. मग त्याला हळूच बाजूला केलं, लोकांकडे वळले आणि आपल्या रोजच्या आवाजात, खोताच्या नव्हे, म्हणाले, "मंडळी, माला खरांच ऐकू येत नाय. तीन वर्सां झाली."

आणि मग जे हसू फुटलं ते मी पुन्हा कधी ऐकलं नाही. माणसं एकमेकांच्या अंगावर पडत होती. टोप्या उडत होत्या. मघाची म्हातारी पदर तोंडाला लावून लाल झाली होती. असा शेवट कधी झाला नव्हता. तिसराच शेवट! "वा दाजी! काय सोंग हाय!" भाटकर छत्री उंच नाचवत होते. एका माणसानं भर पटांगणात सगळ्या गावाला खरं सांगितलं होतं, आणि काकी, विश्राम आणि मी सोडून ते कुणी खरं मानलं नव्हतं.

दाजींना यातलं काही ऐकू येत नव्हतं. त्यांनी फक्त हसणारी तोंडं पाहिली. ते घाबरले असतील असं मला वाटलं. पण त्यांनी खोतासारखी मान ताठ केली, दोन्ही हात जोडले आणि पडद्यामागे आले. तिथे काकींनी चांगल्या हातानं त्यांच्या अंगठ्याची गाठ सोडली. दाजींनी भुवया उडवून विचारलं. काकींनी हसून, हाताच्या खुणेनं सांगितलं, की सगळ्यांना आवडलं.

परत

आधी प्रबंधाचं सांगून टाकते, कारण विचारणारे तेच विचारतात. शेवटचं प्रकरण मी नव्यानं लिहिलं. सरांनी ते वाचून विचारलं, "हे तिन्ही शेवट मूळ नाटकात आहेत का?" मी म्हटलं, "माहीत नाही. मूळ पान फाटलेलं आहे." ते म्हणाले, "फाटलेलंच राहू द्या." तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी मला इंग्लंडमधल्या प्रेक्षकाबद्दल विचारलं. मी फणसाच्या सावलीतल्या बायकांबद्दल सांगितलं. त्यांनी बराच वेळ काही लिहून घेतलं आणि मग पदवी दिली. तेवीस उत्तरांचं वर्गीकरण मी जाळून टाकलं.

दाजी पुढची दोन वर्षं खोताचं काम करत होते, असं भाटकरांनी कळवलं. दोरीबद्दल भाटकरांना ठाऊक नव्हतं आणि मीही कळवलं नाही.

पण मला सांगायचंय ते निघण्याच्या सकाळचं. सड्यावर एसटीचा थांबा म्हणजे जांभ्या दगडाची एक शेड. भाटकर दुसऱ्या एका गावी वह्या बघायला आदल्या दिवशी खेळ संपताच गेले होते, म्हणून विश्राम माझी पिशवी घेऊन वर आला. सबंध चढ मी धापा टाकत होते, तो टाकत नव्हता. शेडमध्ये पिशवी ठेवली आणि मग विचारलं, "बाई, तीन वर्सां म्हणजे नक्की तीन?"

"काकी तसं म्हणाल्या."

तो दगडावर बसला. "दर मे महिन्यात येतंय मी. आल्यापासनं भांडण. बाग बघत नाय, औत बघत नाय, नातवंडांशी बोलत नाय. आनि ते उत्तरच देत नायत. माला वाटायचा, मुद्दाम. मंग माझा पारा आणखी चढायचा. गेल्या साली तर, बाई, काय काय बोललो. माणसान बापास बोलू नये असां बोललो. ओटीवर. वैनी, पोरां, समदी बघत व्हती."

मग तो एकदम हसला. मोठ्यानं, खरोखर सुटल्यासारखा. "एक बरां झालां. त्यातला येक शबुद त्यांच्या कानात गेला नाय!"

मीही हसले. आम्ही दोघंही हसलो, बराच वेळ. मग तो उठला आणि शेडच्या भिंतीवर चिकटवलेल्या एसटीच्या वेळापत्रकासमोर, माझ्याकडे पाठ करून, ते वाचत उभा राहिला. कागद उन्हानं पांढरा पडला होता, त्यावर एकही आकडा उरला नव्हता. गाडी येऊन थांबली, कंडक्टरनं दोनदा घंटी मारली, मी स्वतःच पिशवी उचलून चढले, तरी तो वाचतच होता.